दुधाच्या कॅनमधले रक्त

देवळाली प्रवरेच्या आमच्या घरात दोन औषधे कायम असत. एक माळ्यावर, उंदरांसाठी. प्रवरेच्या कालव्याने आमच्या भागात ऊस आला आणि उसामागे उंदीरही. दुसरे देवघराच्या कोनाड्यात, आईसाठी. तिच्या हृदयाची झडप बदलली होती. कृत्रिम झडपेवर रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ‘रक्त पातळ करण्याची’ गोळी तिला रोज घ्यावी लागे. ही दोन्ही औषधे एकाच गोत्रातली आहेत, हे मला २०११ साली फार वाईट प्रसंगातून कळले.

आईला एक मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या असत. एकदा दुकानातून दोन मिलिग्रॅमचे पाकीट आले. आम्ही आकडा पाहिला नाही; सवयीने दोनच गोळ्या देत राहिलो. आठवड्याने तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, दंडावर काळेनिळे डाग उठले. उष्णता झाली असेल म्हणून आम्ही तिला सब्जा दिला! मग एका पहाटे नाकातून सुरू झालेले रक्त थांबेचना.

डॉक्टरांनी तिचे थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवले. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखे वाहिले. “घोणस चावलेल्या माणसाचे रक्त असे असते,” ते म्हणाले, “घरातली औषधे दाखवा.” पाकीट पाहताच त्यांना उलगडा झाला. रक्तद्रव आणि मोजून दिलेले ‘के’ जीवनसत्त्व यांनी आई वाचली. चूक आमची होती. ती नळी मात्र डोळ्यांपुढून हलेना, म्हणून मी या औषधाचा इतिहास शोधू लागलो.

तो सुरू होतो गोठ्यात. १९२० नंतरच्या काही वर्षांत कॅनडा आणि उत्तर अमेरिकेत गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे कापल्याची लहानशी जखमही जिवावर बेते. ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा चारा त्यांना घातला जाई; आपल्या लसूणघासाच्याच कुळातला. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्याने सशांवर प्रयोग केला. चांगला चारा खाणारे ससे जगले, बुरशी आलेला खाणारे मेले. म्हणजे दोष चाऱ्याचा नव्हता, भिजून बिघडलेल्या वैरणीचा होता.

फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आला. सोबत मेलेली कालवड, बिघडलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारे रक्त. शनिवार असल्याने पशुवैद्यकाचे कार्यालय बंद होते. तो कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत शिरला. लिंक आणि सहकाऱ्यांना चाऱ्यातले ते द्रव्य शुद्ध रूपात मिळवायला सहा वर्षे लागली. त्याचे नाव डायकुमेरॉल.

पुढे त्याच जातीचे एक जहाल संयुग लिंक यांनी उंदरांसाठी निवडले. १९४८ साली ते बाजारात आले. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले वॉर्फरिन. उंदीर मारणारे हे द्रव्य माणसाला द्यायला कोण धजावणार? पण १९५१ साली अमेरिकन सैन्यातल्या एका जवानाने आत्महत्येसाठी ते खाल्ले आणि ‘के’ जीवनसत्त्वाने तो बरा झाला. विषाला उतारा आहे, ही खात्री पटली. १९५४ साली माणसांसाठी परवानगी मिळाली. १९५५ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही हे औषध दिले गेले. आईची गोळी याच वंशातली.

खरे तर या गोळीने रक्त पातळ होत नाही. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात, त्यांना ‘के’ जीवनसत्त्व लागते. औषध त्या जीवनसत्त्वाचा पुन्हा वापर होऊ देत नाही. आधी तयार असलेले घटक मात्र काही काळ पुरतात. म्हणून जास्त मात्रा पोटात गेली तरी पहिले दोन-तीन दिवस माणूस ठणठणीत दिसतो. फसगत होते ती इथेच. पोराने उंदराच्या औषधाची वडी चघळली आणि दिवसभर खेळत राहिले, तरी निर्धास्त राहू नये. आज वापरात असलेले ब्रोमॅडिओलोन तर शरीरात कित्येक आठवडे टिकते. वेष्टन घेऊन लगेच डॉक्टर गाठावा.

ही गोळी घेणाऱ्यांनी ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी चुकवू नये. गुडघेदुखीची गोळी मनाने घेऊ नये. तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेथी-पालक एकदम वाढवू किंवा बंद करू नये, कारण पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व असते. आणि घाबरून गोळी बंद तर मुळीच करू नये. झडपेवर गाठ झाली तर तीही जीव घेते.

आई शाळेत गेली नव्हती. पण त्या दुखण्यानंतर तिने जुने रिकामे पाकीट जपून ठेवले. नवे आले की दोन्ही उजेडात धरून आकड्याशी आकडा जुळवी. जुळला, तरच गोळी तोंडात टाकी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)