रुमालाखालचा भाव : नियंत्रित बाजारपेठेचा इतिहास आणि गूगलविषयीची ग्राहक-तक्रार

पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आज भुसार दुकानाच्या गल्ल्यावर क्यूआर कोडचा फलक दिसतो आणि आडत्याकडचा भाव मोबाईलवरून गावोगाव पोहोचतो. हे दृश्य नवे आहे. मात्र त्या मोबाईलविषयी ग्राहक जी तक्रार करतो, ती या आवाराला परकी नाही. फोनसोबत आलेली ॲप काढून टाकता येत नाहीत, अटी मान्य केल्यावाचून पुढे सरकता येत नाही आणि दुसरीकडे जावे तर दुसरे आहे कोठे? नेमका हाच शेवटचा प्रश्न एके काळी कापसाची गाडी घेऊन आलेला शेतकरी विचारीत होता. प्रस्तुत लेखात गूगल कंपनीविषयीच्या तक्रारीचा विचार या जुन्या प्रश्नाच्या आधारे करावयाचा आहे.

आपल्याकडे नियंत्रित बाजारपेठेचा आरंभ वऱ्हाडात झाला. इ. स. १८८६ मध्ये कारंजा येथे कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला. यामागे शेतकऱ्याच्या कळवळ्यापेक्षा मँचेस्टरच्या गिरण्यांना हवा असलेला स्वच्छ कापूस अधिक होता, हे नमूद करणे आवश्यक आहे. तथापि, त्यातून एक तत्त्व रुजले. त्यापूर्वी जागा, तराजू, भाव आणि उचल या चारही गोष्टी बहुधा एकाच वर्तुळातील माणसांच्या हाती असत. आडत्या व खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवीत. मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्याला तो कळत नसे. पुढे हमाली, तोलाई, कडता आणि वर धर्मादायही त्याच्याच रकमेतून कापला जाई. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली. १९३९ चा मुंबई प्रांताचा आणि १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार कायदा त्याच वाटेने आला.

या कायद्यांनी आडत्याला सज्जन होण्याचा उपदेश केला नाही. त्यांनी भूमिका वेगळ्या केल्या. आवार समितीचे, आडत्याला व तोलणाऱ्याला परवाना, लिलाव उघड्यावर, कपात ठरलेल्या दरानेच आणि हिशेबपट्टी लेखी. बाजाराचा मालक हा त्या बाजारातला व्यापारी असू नये, हे त्यामागील खरे सूत्र होय.

ग्राहक चळवळीचा मार्ग निराळा होता. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत उभी राहिली आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. बिघडलेल्या फोनसाठी या कायद्याखाली दाद मागता येते. पण विनामूल्य दिलेली सेवा या कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे, आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ती वगळलेलीच राहिली. अँड्रॉइडवरील नकाशे, शोधयंत्र, ई-पत्र हे सारे ‘फुकट’! ज्या वस्तूचा भाव रुमालाखाली ठरतो, तिची तक्रार वस्तूच्या सदोषतेच्या भाषेत मांडताच येत नाही.

म्हणून ही तक्रार अखेर २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली गेली. अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या काही ग्राहकांच्या अर्जावरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला. दि. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोन उत्पादकाला प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलचा ॲपसंच पूर्णच घ्यावा लागे आणि ग्राहकाला तो काढता येत नसे, हा त्यातील मुख्य आक्षेप. पाचच दिवसांनी प्ले स्टोअरच्या देयक पद्धतीबद्दल ९३६.४४ कोटींचा दुसरा दंड झाला. ॲप विकणाऱ्यांना गूगलचीच देयक व्यवस्था वापरून पंधरा ते तीस टक्के शुल्क द्यावे लागे; गूगलच्याच यूट्यूबला मात्र हे बंधन नव्हते. मार्केट यार्डाच्या भाषेत सांगावयाचे तर आवाराचा मालक आडत घेतो आणि त्याच आवारात स्वतःचा गाळा बिनआडत चालवितो.

ही तुलना ताणू नये. बाजार समित्याही पुढे बंदिस्त झाल्या. परवान्यामुळे आडत्यांचे वर्तुळ लहान राहिले आणि समितीवरील प्रतिनिधित्व हे राजकारणाचे साधन झाले. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला व त्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. तरीही येथे एक फरक आहे. त्या निर्णयाचा लाभ शेतकऱ्याला आपल्या हिशेबपट्टीत वाचता येत होता. स्पर्धा आयोगाचा दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ग्राहकाच्या पट्टीत त्यातून काहीच उमटत नाही. त्यामुळे ग्राहकाच्या दृष्टीने दंडाच्या रकमेपेक्षा सोबतचे निर्देश महत्त्वाचे ठरतात.

त्या निर्देशांचे पुढे काय झाले? जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारल्यावर गूगलने भारतापुरते काही बदल जाहीर केले: उत्पादकांना ॲप सुटी घेण्याची मुभा आणि ग्राहकाला शोधयंत्र निवडण्याची सोय. दि. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने पहिला दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले. दुसरा दंड त्याच न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला. रद्द झालेल्या चार निर्देशांपैकी एक, फोनसोबत आलेली ॲप ग्राहकाला काढून टाकता यावीत, हा होता.