जॉर्ज बुश यांची ६४० एकर जमीन



गटाच्या बैठकीत जमिनीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "राबतो आम्ही, सातबारा दुसऱ्याच्या नावावर." आज मी तुम्हाला एका पुरुषाची गोष्ट सांगणार आहे. त्याचंही दुखणं हेच होतं. तो आपल्या मुलखातला नाही, अमेरिकेतला आहे, आणि दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. नाव जॉर्ज बुश. याच नावाचे दोन राष्ट्राध्यक्ष अमेरिकेला पुढे मिळाले, पण त्यांचा आणि याचा काही संबंध नाही. हे बुश काळे होते, शेतकरी होते आणि लढाई पाहिलेले शिपाईगडी होते.

जन्म अठराव्या शतकाच्या अखेरीचा, पेनसिल्व्हेनिया राज्यातला. आई आयरिश, म्हणजे गोरी. वडील आफ्रिकी वंशाचे. काही चरित्रकार तर लिहितात की वडिलांचा जन्म हिंदुस्थानातला. १८१२ साली अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलं, त्यात बुश लढले. न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या लढाईत, १८१५ च्या जानेवारीत, ते होते असं सांगतात. युद्ध संपल्यावर ते फरच्या व्यापारात शिरले. रानातल्या जनावरांची मऊ कातडी गोळा करून विकायची, तो धंदा. त्या निमित्ताने पश्चिमेकडचे डोंगर आणि नद्या त्यांनी पायाखाली घातल्या. हे फिरणं पुढे फार कामाला आलं.

मग मिसुरी राज्यात त्यांनी शेती केली, गुरं पाळली, चार पैसे गाठीला बांधले. १८३१ मध्ये लग्न झालं. बायको इझाबेला जेम्स, जर्मन घराण्यातली, गोरी. त्यांना आजाऱ्याची शुश्रूषा चांगली येत होती. मुलगे झाले पाच. घर भरलेलं होतं, पण मिसुरीत काळ्या माणसाला सुखाने राहणं अवघड. तिथे गुलामगिरी चालू होती. जो गुलाम नव्हता त्यालाही कायदे जाचत होते. पैसा असून मान नाही, ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

१८४४ च्या उन्हाळ्यात त्यांनी घर सोडलं. मायकेल सिमन्स नावाचा गोरा मित्र आणि आणखी काही कुटुंबं बरोबर. वरून कापडाचं छत घातलेल्या बैलगाड्या, आणि रस्ता सुमारे ३,२०० किलोमीटरचा. बायाबापड्या, लेकरं, गुरंढोरं, बी-बियाणं, सगळं गाडीत. बुश यांनी गाडीच्या तळाला दुहेरी फळी ठोकून मध्ये चांदीची नाणी दडवली होती, असं त्यांच्याबद्दल सांगतात. ज्यांची ऐपत नव्हती अशा सोबत्यांच्या प्रवासाचा खर्चही त्यांनी उचलला. वाटेत एका सहप्रवाशापाशी ते बोलले होते की, तिकडे मोकळ्या माणसासारखं जगता आलं नाही तर मी मेक्सिकोच्या राज्यात जाऊन आसरा मागेन. हे त्या सोबत्याने पुढे लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं.

आणि झालं तेच. ते वाटेत असतानाच, जून १८४४ मध्ये, ऑरेगनच्या तात्पुरत्या सरकारने कायदा केला की काळ्यांनी इथे राहायचं नाही. पुरुषांनी दोन वर्षांत आणि बायांनी तीन वर्षांत निघून जायचं. नाही गेले तर चाबकाचे फटके, आणि तरी नाही गेले तर सहा महिन्यांनी पुन्हा फटके. फटक्यांचं कलम त्याच वर्षी डिसेंबरात बदललं, त्याऐवजी सक्तीची मजुरी आली. पण "तुम्ही इथे नको" हे कायमच राहिलं.

आता इथे मला मित्राचं कौतुक वाटतं. सिमन्स म्हणू शकला असता, "तुझं तू बघ, मला इथे चांगली जमीन मिळते आहे." तसं त्याने केलं नाही. सगळी कुटुंबं एक राहिली. कोलंबिया नदीच्या उत्तरेला इंग्लंड आणि अमेरिका दोघेही हक्क सांगत होते, त्यामुळे तिकडे हा कायदा कुणी चालवत नव्हतं. म्हणून १८४५ मध्ये ही मंडळी उत्तरेला गेली. डेशूट्स नदीच्या धबधब्याजवळ वस्ती केली, आज त्या गावाला टमवॉटर म्हणतात. बुश यांनी थोडं दक्षिणेला मोकळं माळरान धरलं. ते रान पुढे 'बुश प्रेअरी' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी झाली, मागोमाग लाकूड कापायची गिरणी झाली. दोन्हीत बुश यांचा हात होता. घरात आणखी एक मुलगा जन्मला, त्याचं मधलं नाव नदीवरून आणि तिथल्या लोकांवरून 'निस्क्वॉली' ठेवलं.

ते लोक म्हणजे तिथले मूळ रहिवासी. रान त्यांचंच होतं, हे मी मुद्दाम सांगते. नवीन आलेले कितीही कष्टाळू असले तरी जमीन कोणाची होती हा प्रश्न राहतोच. बुश घराने त्यांच्याशी सलोखा ठेवला, त्यांची भाषा शिकली आणि साथीच्या आजारात त्यांची सेवा केली, असं सांगितलं जातं. १८५४ च्या डिसेंबरात सरकारने त्या लोकांशी करार करून त्यांचा बहुतेक मुलूख घेतला.

इकडे १८४६ मध्ये इंग्लंड-अमेरिकेची हद्द ठरली आणि बुश यांचं शेत अमेरिकेत आलं. ज्या कायद्यापासून ते लांब पळाले, ते राज्य पाठीमागून चालत त्यांच्या दारात आलं म्हणा ना. १८५० मध्ये जमिनीचा कायदा झाला. आधीपासून वस्ती केलेल्या एकट्या पुरुषाला ३२० एकर, नवरा-बायकोला मिळून ६४० एकर. आणि बायांनो, हे नीट ऐका, त्यातले निम्मे बायकोच्या स्वतःच्या नावावर! १८५० साली! आपल्याकडे आज २०-२५ गुंठ्यांवर बाईचं नाव लावायचं म्हटलं तर तलाठी कार्यालयात किती खेटे पडतात, ते तुम्ही जाणता. पण त्या कायद्यात "गोरे" हा शब्द होता. गोऱ्यांना आणि गोऱ्या-मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाच्यांनाच जमीन. नवऱ्याच्या रंगापायी बुश यांचं घर कायद्याच्या बाहेर पडलं. पाच वर्षं नांगरलेली जमीन, बांधलेलं घर, पण कागद नाही. उद्या कुणी गोरा उभा राहून "ही माझी" म्हणाला असता तर दाद कुठे मागायची?

अशा वेळी माणूस काय करतो? धान्य विकून पैसा हाताशी ठेवतो, कधी उठून जावं लागेल कुणास ठाऊक म्हणून. १८५२ मध्ये नवे लोक लोंढ्याने आले आणि धान्याची टंचाई झाली. भाव चढले. बुश यांच्याकडे गहू होता, आणि तो सगळा एकदम उचलायला व्यापारी तयार होते. त्यांनी व्यापाऱ्याला दिला नाही. जवळजवळ सगळं पीक नव्या कुटुंबांना वाटलं, पैसे असोत वा नसोत. ज्याला जमेल त्याने जमेल तेव्हा परत करावं, एवढीच अट. आपल्यात काही गटांनी धान्यकोष काढले आहेत, पायलीभर न्यायचं आणि सुगीला परत टाकायचं. तसंच, पण इथे कोष एकाच घराचा होता आणि त्या घराला स्वतःच्या जमिनीचीच खात्री नव्हती.

ते धान्य खाल्लेली माणसं विसरली नाहीत. १८५३ मध्ये वॉशिंग्टन हा वेगळा प्रांत झाला. त्याच्या पहिल्याच विधिमंडळाने १८५४ मध्ये देशाच्या संसदेला अर्ज केला की बुश यांना त्यांची जमीन द्या. १८५५ च्या फेब्रुवारीत संसदेने एका माणसासाठी खास कायदा केला आणि ६४० एकर त्यांची झाली. मला यात आनंदाइतकाच राग येतो. एकाला मिळाली ती त्याच्या चांगुलपणामुळे, शेजाऱ्यांच्या शब्दामुळे. ज्याच्याकडे वाटायला गहू नव्हता अशा काळ्या शेतकऱ्याने काय करायचं? कायदा तसाच राहिला.

मतदानाचा हक्क मात्र बुश यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. ज्या देशासाठी लढले, त्याच्या एकाही निवडणुकीत त्या मुलखात त्यांनी मत टाकलं नाही. ५ एप्रिल १८६३ ला ते वारले. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, आणि बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याचा लिंकन यांचा जाहीरनामा निघून तीनच महिने झाले होते. रंगावरून मत नाकारायचं नाही, ही घटनादुरुस्ती १८७० मध्ये आली. इझाबेलाबाई १८६६ मध्ये गेल्या. नवरा-बायकोच्या समाध्या टमवॉटरलाच आहेत.

थोरला मुलगा विल्यम ओवेन याने शेत पुढे चालवलं. त्याच्या गव्हाला १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. १८८९ मध्ये वॉशिंग्टन राज्य झालं, तेव्हा पहिल्या विधिमंडळात हा निवडून गेला. ज्याच्या बापाला मत नव्हतं, तो आमदार! त्याने तिथे शेती महाविद्यालय काढण्याचं विधेयक मांडलं, आणि त्याच महाविद्यालयाचं आज मोठं सरकारी विद्यापीठ झालं आहे. आणि मिसुरीहून गाडीतून नेलेलं अक्रोडाच्या जातीचं एक बी बुश यांनी शेतात लावलं होतं, त्याचं झाड दीडशे वर्षांहून जास्त काळ तिथे उभं होतं.