लॅपटॉपचा पडदा बिघडला? आधी दोष ओळखा

प्रतिनिधी, वसई

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. गर्दीच्या लोकलमध्ये बॅग दाबली जाते आणि आतल्या चार्जरचा किंवा डब्याचा भार लॅपटॉपच्या झाकणावर येतो. वसई-विरारच्या दमट हवेचा उपद्रव वेगळाच. त्यामुळे पडद्यावर रेघा उमटणे, चित्र थरथरणे किंवा पडदा काळा पडणे हे अनुभव नोकरदारांना नवे नाहीत. मात्र, अशा वेळी पडदाच बदलावा लागतो असे नाही. दोष नेमका कोठे आहे, हे घरच्या घरी बऱ्याच अंशी ओळखता येते.

टीव्हीची चाचणी

एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडावा. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून चित्र दोन्हीकडे दिसेल असा पर्याय निवडावा. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल, तर दोष बहुधा पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये असतो. टीव्हीवरही तशाच रेघा दिसल्यास ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स चिपकडे संशय जातो.

झाकण आणि विजेरी

झाकण हळूहळू मागेपुढे करावे. त्यासरशी चित्र बदलत असेल, तर बिजागरीतून जाणारी केबल सैल किंवा खराब झालेली असू शकते. पडदा काळा, पण आवाज येत असेल, तर विजेरीचा झोत तिरपा टाकून पाहावा. अंधुक चित्र दिसल्यास पडद्यामागचा प्रकाश बंद पडला आहे, असे समजावे. ओएलईडी पडद्याला हा वेगळा प्रकाश नसल्याने ही चाचणी तेथे लागू नाही.

सॉफ्टवेअरचा दोष

सुरू होताना कंपनीचे बोधचिन्ह स्वच्छ दिसते आणि विंडोज आल्यावरच गडबड होते, तेव्हा ड्रायव्हर तपासावा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी ही बटणे एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असल्यास डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर परत आणावा.

पाणी शिरल्यास

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारमध्ये घराघरांत पाणी शिरले होते. भिजलेला लॅपटॉप सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. तो बंद करून चार्जर काढावा व तंत्रज्ञाकडे द्यावा. तांदळात ठेवल्याने आतील क्षार जात नाहीत आणि गंज चढतच राहतो. बॅटरी फुगून कीबोर्ड किंवा टचपॅड उचलला गेला असल्यास वापर तत्काळ थांबवावा. तो दाबून बसवू नये.

दुरुस्तीपूर्वी

पडदा गेला तरी आतील माहिती बहुधा शाबूत असते. टीव्हीच्या साहाय्याने तिची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. मग खर्चाचा अंदाज लेखी मागावा आणि नेमका कोणता भाग बदलणार, हे त्यात नोंदवून घ्यावे. केबलच्या दुखण्यासाठी नव्या पडद्याचे पैसे मोजण्याची वेळ त्यामुळे टळू शकेल.