राजापूरच्या मतपेटीपाशी

साल 1957. शिमगा तोंडावर आलाय आणि मालवणच्या बाजूला एका कौलारू शाळेपुढे तुम्ही मतदानाच्या रांगेत उभे आहात. पुढेमागे बघा, बायकाच जास्त. घरचे पुरुष मुंबईला, गिरण्यांत. पुढच्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे बाराशेवर बायका निघतील. मनीऑर्डरवर घर चालतं, आणि ती येईपर्यंत भात, नाचणी, गुरं, म्हातारीकोतारी सगळं यांच्याच अंगावर. राजापूर मतदारसंघाचा खासदार कोण हे आज बरंचसं त्याच ठरवणार आहेत.

बोटाला शाई लागते, हातात मतपत्रिका येते. उलटसुलट करून पाहा, तिच्यावर एकाही उमेदवाराचं नाव नाही. शिक्का मारायचा नाही की खूण करायची नाही. पडद्याआड लोखंडी पेट्या मांडल्यात, प्रत्येक उमेदवाराची वेगळी, वर त्याचं चिन्ह डकवलेलं. एकीवर बैलजोडी, एकीवर झोपडी. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद सोडायचा, झालं. तुमच्या पुढची म्हातारी आत शिरण्याआधी शेजारणीला हळूच विचारते, "गो बाय, झोपडी खंयच्या पेटयेर आसा?"

"आत गेलंस की दिसतली."

झोपडी प्रजासमाजवादी पक्षाची. उमेदवार बॅरिस्टर नाथ पै, वेंगुर्ल्यात जन्मलेले, वय 34. संयुक्त महाराष्ट्राचं वारं आहेच. पण नुसत्या वाऱ्यावर माणूस तीनदा निवडून येत नाही, आणि नाथ पै 1962 आणि 1967 लाही येतात. ते कसं, हे कळायला त्यांची एखादी सभा ऐकायला हवी. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, शेतातून आणि खाडीपलीकडून चालत आलेल्या माणसांत बसा. न शिकलेल्या माणसापुढे संसद, कायदा, हक्क असे शब्द ते जसेच्या तसे ठेवतात. तुम्हाला हे कळणार नाही, असं त्यांनी कुणाला कधी वाटू दिलं नाही. माझ्या मते या मतदारसंघाची पुढची कित्येक वर्षं घडली ती या सन्मानातून.

1962 ला याल तेव्हा पेट्यांची ओळ गेलेली असेल. आता सगळ्यांची चिन्हं एकाच कागदावर, आणि हातात रबरी शिक्का. 1967 ला गावात न थांबता थेट लोकसभेच्या सज्जात जा. मूलभूत हक्कांसह संविधान दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, असं सांगणारं खासगी विधेयक नाथ पै मांडतायत. हा अधिकार नाकारणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर देशभर ज्याची चर्चा, तो प्रश्न सभागृहात आणणारा माणूस रेल्वे नसलेल्या मुलखाने पाठवलेला आहे.

18 जानेवारी 1971. बातमी बेळगावहून येते. नाथ पै हृदयविकाराने गेले, वय अवघं 48. लोकसभा आधीच विसर्जित झालेली, निवडणूक दीड-दोन महिन्यांवर. झोपडीला उमेदवार मिळतो तो मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा, जन्माने नगरचा: मधू दंडवते. कोकणाबाहेरचा माणूस, समोर इंदिरा गांधींची लाट. महाराष्ट्रातल्या 45 पैकी 42 जागा काँग्रेसच्या गाय-वासराला जातात. राजापूर जात नाही.

1977 ची मोजणी भराभर पाहून घ्या. आणीबाणीत तुरुंगात असलेले दंडवते जिंकतात, रेल्वेमंत्री होतात आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांची गादी येते. गणपतीला, शिमग्याला अंग आखडून प्रवास करणाऱ्या चाकरमान्यांच्या खासदाराला हे सुचावं, यात मला नवल वाटत नाही. 1980 लाही दंडवतेच निवडून येतात.

पण 1984 च्या डिसेंबरात नीट थांबा. इंदिराजींची हत्या होऊन दोन महिने झालेत, माणसं खरोखर हळहळतायत. राज्यातल्या 48 पैकी 43 जागा काँग्रेसच्या. उरलेल्या पाचांत राजापूर. दुःख खरं असूनही ज्यांनी मत वेगळं ठेवलं, त्या मतदाराला नमस्कार करावा असा हा निकाल आहे. 1989 ला दंडवते पाचव्यांदा येतात, देशाचे अर्थमंत्री होतात. कोकण रेल्वेचं महामंडळ 1990 मध्ये स्थापन होतं, तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस.

आणि 1991 ला दंडवते पडतात. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून येतात. अचानक काही घडलेलं नाही. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावले, माणसं गावी परतली, आणि त्यांच्याबरोबर मुंबईतल्या शिवसेना शाखांचं राजकारणही आलं. 1996 पासून 2004 पर्यंत चारही वेळा शिवसेनेचा धनुष्यबाण, चारही वेळा सुरेश प्रभू. मधे 1998 मध्ये सह्याद्रीच्या बोगद्यांतून रोह्याहून मंगळूरपर्यंत गाडी धावू लागते.

त्यापुढचं तुमच्या आठवणीतलं आहे. 2009 ला काँग्रेसचे निलेश राणे, 2014 आणि 2019 ला शिवसेनेचे विनायक राऊत. जैतापूर, नाणार, बारसू ही राजापूर तालुक्यातली गावं प्रत्येक प्रचारात आहेत. अणुप्रकल्पाला आणि रिफायनरीला विरोध करताना सड्यावर पुन्हा बायकाच पुढे बसलेल्या दिसतील. 2024 ला भाजपचं कमळ इथे पहिल्यांदा जिंकतं: नारायण राणे, सुमारे 48 हजार मतांनी.

एवढं फिरून माझं मत एकच झालंय. इथल्या मतदाराने 1957 ते 1989 आठ वेळा असे खासदार पाठवले, ज्यांचं बोलणं सभागृहाने कान देऊन ऐकलं. पैसा, जात, घराणं नसतानाही हे जमलं, कारण मतदाराला तसा माणूस हवा होता. आज प्रचाराला आलेल्या कुठल्याही उमेदवाराला, पक्ष कुठलाही असो, लोकसभेत तुम्ही काय बोललात किंवा काय बोलणार, हे विचारायला हरकत नाही.

मात्र राजापूरच्या नावाने आता लोकसभेला मत देता येणार नाही. पुनर्रचनेनंतर 2009 पासून राजापूर हा लोकसभा मतदारसंघ उरलेला नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सहा विधानसभा मतदारसंघांपैकी तो एक आहे.