मनोरे आणि सूर

आदिलशाही म्हटली की आमच्या मुलांना एकच प्रसंग आठवतो : १६५९, प्रतापगड. जर्मनीत हौशी लोक छोट्या विमानातून जुनी शहरे पाहत हिंडतात. आमच्या कराडलाही धावपट्टी आहे. तिथून उडालो, तर आम्हांला काय दिसेल? कृष्णा-कोयनेचा संगम, आदिलशाही काळातल्या मशिदीचे दोन उंच मनोरे, मग कृष्णेच्या काठाकाठाने सांगली आणि जवळच मिरज. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ पासून विसावले आहेत. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ हिंदू-मुसलमान गायक हजेरी लावतात. मनोरे वरून दिसतील. सूर मात्र खाली उतरल्याशिवाय कानी पडणार नाहीत. लढाईइतकाच हाही आमचा इतिहास आहे. तो मुलांना आम्हीच दाखवायला हवा. विमान नसेल, तर एसटीने.