नवा फोन, जुनं फर्मवेअर : बिल करण्याआधी अपडेटची मुदत बघा

नवा फोन खोक्यातून बाहेर काढला, वाय-फाय जोडलं की थोड्याच वेळात ‘अपडेट उपलब्ध आहे’ अशी सूचना येते. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला, असं अनेकांना वाटतं. पण कारखान्यात फोन पॅक होताना त्या वेळचं सॉफ्टवेअर त्यात भरलेलं असतं. गोदामातून दुकानात येईपर्यंत कंपनीने पुढचं अपडेट काढलेलं असतं, इतकंच.

कॅमेरा, मोडेम, बॅटरी, स्क्रीन हे सगळं चालवणारं फोनमधलं मूळ सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. त्याची माहिती सेटिंग्जमध्ये ‘अबाऊट फोन’खाली मिळते.

कोणत्या तीन ओळी बघायच्या?

पहिली ओळ अँड्रॉइडच्या आवृत्तीची. दुसरी सिक्युरिटी पॅचच्या तारखेची. त्या तारखेपर्यंत गूगलने जाहीर केलेल्या सुरक्षा दुरुस्त्या फोनमध्ये आल्या आहेत, असा तिचा अर्थ. तिसरी बिल्ड नंबरची, म्हणजे फर्मवेअरचा नेमका क्रमांक.

सॅमसंगच्या फोनमध्ये हा क्रमांक वाचता येतो. शेवटून तिसरं अक्षर वर्षाचं : ‘एक्स’ म्हणजे 2024, ‘वाय’ म्हणजे 2025. त्याच्या पुढचं अक्षर महिन्याचं : ‘ए’ जानेवारी, ‘बी’ फेब्रुवारी, असं क्रमाने. मध्ये ‘यू’ असेल तर अपडेटमध्ये नव्या सोयी किंवा मोठे बदल असतात. ‘एस’ असेल तर मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्या. त्या अक्षरामागचा अंक बूटलोडरचा. हा अंक एकदा वाढला की त्याहून कमी अंकाचं जुनं फर्मवेअर फोन स्वीकारत नाही. म्हणून ‘आवडलं नाही तर जुनं टाकून घेऊ’ हा हिशेब दर वेळी जमत नाही.

मुदत कधीपासून मोजायची?

खरा प्रश्न पैशाचा आहे, आणि ग्राहक बहुतेक इथेच चुकतो. अपडेटची वर्षं आपल्या बिलाच्या तारखेपासून मोजली जात नाहीत. मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजली जातात. गॅलेक्सी एस 24 मालिका जानेवारी 2024 मध्ये अँड्रॉइड 14 सह आली. कंपनीने 7 वर्षांचा शब्द दिला, म्हणजे जानेवारी 2031 च्या आसपासपर्यंत. तोच फोन कुणी 2027 च्या सुरुवातीला सवलतीत घेतला, तर हातात उरतात 4 वर्षं. गॅलेक्सी ए 55 मार्च 2024 मध्ये आला. त्याला अँड्रॉइडच्या 4 नव्या आवृत्त्या आणि 5 वर्षं सुरक्षा अपडेट, म्हणजे हिशेब साधारण मार्च 2029 ला संपतो.

औषधाच्या पाकिटावर आपण एक्स्पायरी बघतो, तसंच इथे करायचं. मुदत संपली म्हणून फोन बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात. पुढे बँकेची आणि पैसे पाठवायची अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडवर चालेनाशी होतात. स्वस्तात मिळालेला फोन मग लवकर बदलावा लागतो.

शेजाऱ्याला आलं, आपल्याला का नाही?

अपडेट एकाच दिवशी सगळ्यांना मिळत नाही. आधी थोड्या फोनवर सोडतात, गडबड दिसली तर थांबवतात. सॅमसंगचं ‘वन यूआय 7’ एस 24 मालिकेसाठी एप्रिल 2025 मध्ये सुरू झालं, काही दिवसांतच थांबवलं गेलं आणि नंतर पुन्हा सोडलं गेलं. म्हणून दोन-चार दिवस उशीर झाला तर बिघडत नाही.

राज्याचा मात्र इथे संबंध नाही. फोन बेळगावात घ्या, कोल्हापुरात घ्या की पणजीत, भारतात विकलेल्या सॅमसंग फोनचा प्रदेश-कोड एकच : ‘आयएनएस’. दुबईहून नातेवाइकांनी पाठवलेल्या फोनचा कोड वेगळा असू शकतो. त्याला अपडेट येतं, पण वेळ आणि काही सोयी वेगळ्या असू शकतात. वॉरंटी भारतात चालते का, हे फोन मागवण्याआधीच विचारून घेतलेलं बरं.

अपडेट करताना

- फोटो आणि महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप आधी घ्या.
- बॅटरी निम्म्याहून जास्त ठेवा, वाय-फाय वापरा. अपडेट चालू असताना फोन बंद करू नका.
- अपडेट फक्त सेटिंग्जमधल्या ‘सॉफ्टवेअर अपडेट’मधूनच करा. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेसेजमध्ये ‘तातडीचं अपडेट’ म्हणून लिंक आली, तर ती उघडू नका. कंपनी फर्मवेअर असं पाठवत नाही.
- ‘गूगल प्ले सिस्टीम अपडेट’ हे वेगळं असतं. तेही सेटिंग्जमध्ये अधूनमधून तपासा.

दुकानात गेल्यावर किंमत आणि कॅमेरा विचारतोच. त्यासोबत आणखी दोन गोष्टी विचारा : हे मॉडेल कधी आलं आणि अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? दुकानदाराला सांगता आलं नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची माहिती बघा आणि मगच पैसे द्या.