भूकंपाच्या नोंदवह्या

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातील, पैनगंगेकाठचा झरी जामणी तालुका चुनखडक व कोळसा यांच्यासाठी ओळखला जातो, भूकंपासाठी नव्हे. तथापि २०२४ साली त्याच्या दोन बाजूंना जमीन हादरली. २१ मार्च व १० जुलै रोजी पश्चिमेकडे हिंगोली जिल्ह्यात ४.५ महत्तेचे धक्के बसले, तर ४ डिसेंबरला आग्नेयेस तेलंगणातील मुलुगू परिसरात ५.३ महत्तेचा भूकंप झाला. हे आकडे आज आपल्याला अल्पावधीत कळतात. त्यामागे नोंदी ठेवण्याची दीर्घ परंपरा आहे.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सकल संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. त्यानंतर मंत्री पोंबाल यांच्या कारभारात देशभरच्या धर्मग्रामांकडे प्रश्नावली गेली. धक्का किती वेळ टिकला? समुद्र आधी चढला की ओसरला? किती माणसे दगावली? धर्मगुरूंनी पाठवलेली उत्तरे तेथील राष्ट्रीय दफ्तरखान्यात जपली गेली आणि संशोधकांच्या उपयोगी पडली. बाप्तिस्मा व दफन यांची नोंद ठेवणाऱ्या लेखणीनेच धरणीकंपाचीही साक्ष लिहून ठेवली.

आपल्या देशात टॉमस ओल्डहॅम यांनी संकलित केलेली भारतीय भूकंपांची सूची त्यांच्या पश्चात १८८३ साली प्रसिद्ध झाली. १८९७ च्या आसाम भूकंपानंतर कलकत्त्यातील अलीपूर येथे १८९८ साली भूकंपमापक बसले. पाठोपाठ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही आले. जॉन मिल्न यांच्या या यंत्रात सरकत्या छायाचित्र-कागदावर प्रकाशाची रेघ उमटत असे.

महाराष्ट्राला या नोंदींचे मोल दोन प्रसंगांनी शिकवले. कोयना धरणात १९६२ पासून पाणी साठू लागले, तसे परिसरात हादरे जाणवू लागले, म्हणून तेथे भूकंपमापके बसवण्यात आली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा धरणाच्या अंतर्भागातील यंत्राने भिंतीची थरथर टिपली. जगभरचे अभियंते आजही ती नोंद अभ्यासतात. सलग नोंदींमुळेच जलाशयाची पातळी आणि धक्के यांचा संबंध तपासता आला.

किल्लारीची कथा वेगळी आहे. हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. १९९२ च्या ऑक्टोबरात लहान धक्के बसले होते. पण तेथे कायमचे भूकंपमापकांचे जाळे नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जड भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. नोंदी असत्या तरी त्या घडीचे भाकीत कोणी केले नसते. मात्र नोंद नसणे म्हणजे धोका नसणे, हा समज राहिला नसता. पुढे २००२ च्या नकाशातून तो सर्वांत खालचा पट्टाच काढून टाकण्यात आला.

झरी जामणीसारख्या तालुक्यासाठी हाच धडा आहे. जिथे खाणी आहेत, तिथे सुरुंगाचा हादरा कोणता आणि भूकंप कोणता, हेही नोंदींच्या तुलनेतूनच कळते. यंत्रे शासन बसवील. परंतु धक्का जाणवल्याची वेळ, तो टिकला किती, भांडी पडली की भिंतीला तडा गेला, हे शाळेच्या वहीत कोणीही लिहू शकतो. अशी वही जपून ठेवली, तर घर कसे बांधावे हे ठरवताना पुढच्या पिढीला तिचा आधार मिळेल.